कॉमिकचं पान पेन्सिलमध्ये बरं दिसतं, शाई केली की मरतं. काय करू?

काळी_दौत

नमस्कार. मी कोल्हापुरात अप्लाइड आर्टच्या तिसऱ्या वर्षाला आहे, गाव कुडाळच्या अलीकडे. कॉमिक हा विषय आमच्या अभ्यासक्रमात नाही आणि इलस्ट्रेशनच्या तासाला विचारलं की "आधी सबमिशन्स संपव" हे उत्तर ठरलेलं, म्हणून इथे लिहितेय.

चार पानांची गोष्ट करतेय, आमच्या जत्रेतल्या दशावताराची. देवळाशेजारच्या पडवीत मंडळी पेटाऱ्याला आरसा टेकवून आपापलं तोंड रंगवत बसलीत. राजा होणारा म्हातारा अर्ध्या रंगलेल्या तोंडाने चहा पितोय आणि ओठांवरचा रंग जाऊ नये म्हणून कप भलताच तिरका धरतोय. मग मुख्य नाटकाआधीचा आड दशावतार सुरू होतो, संकासुर राक्षस येतो, पुढे बसलेली पोरं आयांच्या कुशीत शिरतात. संवाद जवळजवळ नाहीतच.

पेन्सिल बरी होते. ए-३ कार्ट्रिज कागदावर, एचबी आणि २बीने, शेडिंगसकट. वर्गातल्या सगळ्यांना पानं आवडली. नंतर ०.१ आणि ०.५ची फाइनलायनर पेनं घेऊन मी त्याच रेघांवरून जाते आणि पान आटोपतं. कप धरणारा हात पेन्सिलमध्ये म्हाताऱ्याचा वाटत होता, शाईत तो रबरी हातमोजा झालाय. रात्र दाखवायला क्रॉसहॅचिंग, म्हणजे एकमेकींना छेदणाऱ्या रेघांची जाळी, केलं तर सगळं मळकट.

निब घ्यावी की ब्रश? पेन्सिल कुठे थांबवायची? कागद कुठला? आणि संकासुराचं काय करू? झगा काळा, तोंडावरचा बुरखा काळा, आणि वरून रात्र!

बजेट म्हणजे मेसचे पैसे भरून जे उरतं ते. टॅब नाही, तेव्हा टॅब घे असं कृपया सांगू नका.

वेक्टर_विन्या

तरी सांगतोच. स्क्रीनवालं नको, साधं पेन टॅब्लेट सेकंडहँड बघ. क्रिता हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे. रेघ बिघडली की अनडू, विषय संपला. आमच्या ऑफिसात दौत कोणी पाहिलेलीही नाही.

बाकी कप तिरका धरलेला राजा भारी. ते पान टाक ना इथे.

गिरगावचे_काका

विन्या, तिची शेवटची ओळ वाचलीस का रे बाबा?

पोरी, तुझं दुखणं पेनात नाही, त्यामुळे नवीन निब आणून ते जाणार नाही. तू पेन्सिलच्या रेघेवरून शाई नेतेस तेव्हा तुझं सगळं लक्ष पेन घसरू नये यावर असतं. मनगट कुठे वळलंय, कपाचा भार कुठल्या बोटावर आलाय, याकडे बघायला कोणी उरतच नाही. पेन्सिलमध्ये तू एका बोटाला चारपाच रेघा मारल्या असणार, थोड्या आत, थोड्या बाहेर. बघणाऱ्याचा डोळा त्यातली हवी ती उचलतो म्हणून हात जिवंत वाटतो. शाईत ती एक रेघ तुला निवडावी लागते. आणि २बीच्या शेडिंगने तू पान राखाडीत पूर्ण केलंस. शाईकडे राखाडी आहेच कुठे? मग ती राखाडी ०.१च्या जाळीत बसवायला गेलीस, ते मळणारच.

मी ऐंशीच्या दशकात मुंबईत एका प्रकाशकाकडे शाई करायचो. पेन्सिल दुसऱ्याची, पैसे पानामागे, आणि मिळायचे तेव्हा मिळायचे. पेन्सिलवाला पान हातात देताना शेडिंग करून देत नसे. जिथे ठोक काळं हवं तिथे बारीकशी फुली मारलेली असायची, बस. अमेरिकेतल्या कॉमिकवाल्यांचीही हीच फुली आहे. फुली दिसली की ब्रश भरून काळं करायचं. तू स्वतःच पेन्सिल करतेस आणि स्वतःच शाई, तरी फुली मारायची सवय लाव, कारण काळं कुठे हे पेन्सिल चालू असतानाच ठरलं पाहिजे.

त्याच्याही आधी एक काम कर. कोऱ्या कागदावर काड्यापेटीएवढ्या चौकटी आख आणि जाड मार्करने तुझी चारही पानं त्यात बसव. नाकडोळे काढायचे नाहीत. प्रत्येक चौकटीत काय काळं आणि काय पांढरं एवढंच. मग भिंतीला लावून लांबून, डोळे बारीक करून बघ. तुझ्या पडवीत बल्ब एकच असेल ना? तो कुठे लोंबतोय ते आधी नक्की कर. आरशाच्या वर असेल तर राजाच्या भुवयांखाली, नाकाखाली आणि कप धरलेल्या बोटांच्या आतल्या बाजूला काळं पडेल. त्याची पाठ, पेटाऱ्याची मागची बाजू आणि भिंत हे तिन्ही एकाच काळ्यात बुडवून टाक. पाठ कुठे संपली आणि भिंत कुठे सुरू झाली हे सांगायला रेघ लागत नाही, वाचणाऱ्याला कळतं. नवशिके इथेच घाबरतात. एवढी मेहनतीने काढलेली भिंत काळी कशी करायची! करायची.

पेन्सिल एच किंवा एचबी, हलका हात. दाबून काढलंस तर कागदाला चर पडते आणि शाई त्या चरीतून धावते. २बी खोडताना काळपट फराटे राहतात ते वेगळंच. केस, झावळ्या, धोतराच्या चुण्या पेन्सिलमध्ये अर्धवट सोड आणि थेट शाईत काढ. चेहरे आणि हात मात्र पेन्सिलमध्ये पक्के हवेत, तिथे शाईत शोधाशोध नको.

निब की ब्रश? माझं मत ब्रश. फाइनलायनर चौकटीच्या कडांना आणि पेटाऱ्याच्या पत्र्याला ठेव. गोल ब्रश, २ किंवा ३ नंबर. दुकानातच पाण्यात बुडवून झटक, केस एका टोकाला आले तर घे, फाटे फुटले तर परत ठेव, दुकानदार बघेना का. कोलिन्स्की सेबल या केसांचा ब्रश सर्वात उत्तम पण त्याची किंमत आत्ता विचारूही नकोस. सुरुवातीला सिंथेटिक चालतो, काही महिन्यांत त्याचं टोक वाकतं एवढंच. आमच्या वेळी मुंगसाच्या केसांचे ब्रश सर्रास असायचे. १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली मुंगूस संरक्षित आहे, तो ब्रश विकणं गुन्हा आहे. कोणी गुपचूप दिला तरी घेऊ नकोस.

शाई कॅमलची काळी वॉटरप्रूफ पुरते. ब्रश अर्ध्याच्या वर बुडवायचा नाही. वॉटरप्रूफ शाई पत्र्याच्या टोपीत शिरून वाळली की केस मुळातून फाकतात आणि मग ब्रश फक्त काळं भरायच्या कामाचा राहतो. दर थोड्या वेळाने पाण्यात हलव, रात्री अंगाच्या साबणाने धू, टोक करून उभा ठेव, केस वर. दौत उघडी राहून शाई घट्ट झाली असेल तर वाटीत थोडी काढून थेंबभर पाणी घाल, सगळ्या बाटलीत घालू नकोस.

टाक हवाच असेल तर जपानी जी निब. नव्या निबला तेलाचा थर असतो, साबणाच्या ओल्या फडक्याने पुसल्याशिवाय शाई धरत नाही. निब स्वतःकडे ओढायची. ढकललीस की कागदात रुतते आणि शिंतोडे. कागद फिरव, हात आपल्या सोयीचा ठेव. लांब रेघ खांद्यातून येऊ दे, बोटांतून नाही. आणि पान सुरू करताना पहिली शाई चेहऱ्यावर नको. आधी खांब, कौलं, पेटारे. हात चालू लागला की मग राजा.

बघायचंच असेल तर प्रताप मुळीक बघ. अमर चित्र कथा आणि नंतर राज कॉमिक्सचा सुरुवातीचा नागराज. रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकवाल्यांकडे अजून सापडतात. घरी आणून कपड्यांच्या घड्या तेवढ्या बघ, गोष्ट वाचू नकोस. घडी जिथून निघते तिथे रेघ जाड, जिथे संपते तिथे केसाएवढी, आणि हे सगळं एका फटकाऱ्यात. राज कॉमिक्सच्याच अनुपम सिन्हांच्या पानांवर "इंकिंग : विनोद कुमार" असं वेगळं नाव छापलेलं असतं. शाई करणाऱ्याचं नाव छापणं ही त्या काळात मोठी गोष्ट होती, आमचं कोणी छापलं नाही.

निळी_पेन्सिल

काकांना +१, पण क्रॉसहॅचिंगवर काका जरा कडक झालेत असं वाटतं. मारियो मिरांडांची गोव्याची चित्रं बघ. कौलं, फरश्या, कपड्यांवरची नक्षी, सगळं पेनने खच्चून भरलेलं आणि तरी गर्दीतला एकेक माणूस वेगळा ओळखू येतो, कारण चेहऱ्यांवर त्यांनी जाळी टाकलेली नाही. भरायचं कुठे आणि कोरं कुठे सोडायचं हे ठरलेलं असलं की हॅचिंग मळत नाही. आणि रेघ जाडबारीक झालीच पाहिजे असंही नाही. शि. द. फडणीसांची दिवाळी अंकांची मुखपृष्ठं आठव, रेघ जवळपास एकाच जाडीची, छाया नाही, आणि हसू आल्याशिवाय राहत नाही. तुझ्या गोष्टीला मात्र रात्र आहे, तिला काकांचाच रस्ता बरा.

मी पुण्यात आहे, दिवसा पॅकेजिंगचं काम आणि रात्री कॉमिक. कागदाचं सांगते. कार्ट्रिज शाईला वाईट. त्याला दाणा असतो, निब अडकते आणि रेघेच्या कडा पिसासारख्या फुटतात. ब्रिस्टल बोर्ड परवडत नसेल तर जाड आयव्हरी शीट घे, गुळगुळीत बाजू वर. अप्पा बळवंत चौकात मिळते तशी कोल्हापुरातही मिळेलच, पूर्ण शीट घेऊन दुकानातच ए-३ कापून घे. खरेदीला जाताना जुनं पेन आणि शाई बरोबर ने आणि कोपऱ्यात एक रेघ मारून बघ. एकाच नावाची शीट दर वेळी सारखी नसते.

पावसाळ्यात कागद सादळतो आणि चांगल्या कागदावरही शाई फुटते. कोल्हापूरचा पाऊस म्हणजे बोलायलाच नको. शीट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटात आडवी ठेव आणि काम करताना हाताखाली एक कोरा कागद घे, घामाचा डाग पडला की त्यावर शाई बसत नाही.

आता खरी युक्ती. तुझ्या आवडलेल्या पेन्सिलच्या पानांवर शाई करूच नकोस. ती स्कॅन कर, रेघा फिक्या निळ्या कर आणि आयव्हरीवर इंकजेटने छापून घे. लेझर प्रिंट नको, टोनरवर शाई नीट बसत नाही. मग त्या निळ्यावर शाई कर. बिघडलं तर दुसरी प्रत छाप. मूळ पान शाबूत आहे म्हटल्यावर हात आपोआप सैल पडतो. कॉमिकच्या धंद्यात आता कित्येक जण असंच करतात, पेन्सिलवाला एका देशात आणि शाईवाला दुसऱ्या. छापायची सोय नसेल तर खिडकीच्या काचेवर किंवा काचेखाली बल्ब ठेवून दुसऱ्या शीटवर उतरव, फक्त आयव्हरी फार जाड घेऊ नकोस, आरपार दिसत नाही. शाई झाली की ६०० डीपीआयला ग्रेस्केलमध्ये स्कॅन करायचं आणि थ्रेशोल्ड लावून निव्वळ काळंपांढरं करायचं. निळं तिथे उडून जातं.

आणि छापील पान केवढं असणार ते आत्ताच ठरव. ए-३ला काढून ए-४ला छापायचं असेल तर ते ७१ टक्क्यांवर येतं. अमेरिकन पानं १० बाय १५ इंचांत काढतात आणि छापताना साधारण ६०-६५ टक्क्यांवर नेतात, जपानी बी-४वर काढून बी-५ला. लहान होताना तुझी ०.१ची रेघ गायब होते आणि जवळजवळच्या रेघा चिकटून डाग होतो. एक पान झालं की आधी झेरॉक्सवाल्याकडे जा, ७१ टक्के सांग, आणि त्या झेरॉक्सवर बघ काय उरलंय.

काळी_दौत

काका, ताई, खूप आभार. विन्यादादा, पान टाकते, पण शाई झाल्यावर.

मार्करच्या चौकटी केल्या. दुसऱ्या पानावर सगळ्या चौकटींत काळं खालच्या बाजूलाच येत होतं, पान बुडाल्यासारखं दिसत होतं. पेन्सिलमध्ये हे लक्षातच आलं नव्हतं. बल्ब हलवून तिसऱ्या चौकटीत काळं वर घेतलं, आता नजर राजाच्या कपावरून थेट आरशावर जाते.

संकासुर अजून अडलाय. रंगमंचावर मागे उजेडातला पडदा आहे, तिथे तो नुसता काळा आकार म्हणून उभा केला, ते ठीक वाटतंय. पण त्याच्या आधीच्या चौकटीत तो प्रेक्षकांतून येतो. अंधारातून, पोरांच्या मागून. तिथे काळ्यावर काळा. आणि त्याची लाल जीभ! ती काळ्यापांढऱ्यात कशी दाखवू? काळी केली तर दिसत नाही, पांढरी ठेवली तर दाढी वाटते.

गिरगावचे_काका

पडद्यापुढचा बरोबर केलास. त्यात आत एकही रेघ घालू नकोस, फक्त बुरख्यावरचे डोळे पांढरे.

अंधारातला असा कर. उजेड रंगमंचाकडून येतोय, म्हणजे त्याच्या एकाच बाजूवर पडणार. त्या बाजूला झग्याचं काळं आणि रात्रीचं काळं यांच्यामध्ये कागदाची बारीक फट कोरी सोड. डोक्याच्या टोकापासून खांद्यावरून कोपरापर्यंत, पुढे तुटली तरी चालेल, तुटलीच पाहिजे. दुसऱ्या बाजूला काही नाही, तो रात्रीत मिसळू दे. चहूबाजूंनी पांढरी कड काढलीस तर स्टिकर चिकटवल्यासारखा दिसेल. फट आधीच सोडायला जमलं नाही तर वरून पोस्टर व्हाइट, पाणी अगदी कमी, जुन्या ब्रशच्या टोकाने. पण आधी सोडलेली फट नेहमी जास्त चांगली दिसते.

झग्यावर दोनतीन ठिकाणी ब्रश जवळजवळ कोरडा करून ओढ. शाई तुटक लागते आणि जाडंभरडं कापड आपोआप येतं. रद्दीवर पुसून मग पानावर.

आणि चौकट त्याच्यावर टांगू नकोस. पुढे पोरांचे चेहरे मोठे घे, उजेडात, पुढे रंगमंचाकडे बघणारे. एकाच पोराने मागे मान वळवलेली. मग संकासुराचे फक्त दोन डोळे दिसले तरी काम झालं.

एवढं मोठं काळं भरताना मार्कर वापरू नकोस. तो वाळल्यावर जांभळट होतो आणि स्कॅनमध्ये पट्टे येतात. ब्रशने शाईचे दोन हात, पहिला पूर्ण वाळल्यावर दुसरा. कागदाच्या चारी कडा बोर्डाला टेपने चिकटव नाहीतर पान पापडासारखं वाकेल. आणि पेन्सिल खोडायची ती दुसऱ्या दिवशी, तेही हलक्या हाताने, रबराने काळं फिकं पडतं.

जिभेला मी पांढरीच ठेवीन आणि मधोमध एक वळणदार रेघ देईन, टोकाला निमुळती. दाढीला ती रेघ नसते.

निळी_पेन्सिल

जीभ लालच कर ना! एकच जास्तीचा रंग, तोही चार पानांत एकदोनदाच.

कोल्हापुरात लग्नपत्रिका छापणारे स्क्रीन प्रिंटिंगवाले असतील, काळा आणि लाल हे दोन रंग त्यांच्याकडे कायम असतात. काळ्याचं पान तू केलंयसच. जिभेसाठी त्यावर ट्रेसिंग पेपर टेपने बसव आणि त्यावर फक्त जीभ भर, लालने नको, काळ्या शाईनेच, कारण स्क्रीन तयार करताना त्यांना गडद काळं पॉझिटिव्ह, म्हणजे पारदर्शक कागदावरचं काळं चित्र, लागतं. दोन्ही कागदांच्या चार कोपऱ्यांत एकावर एक येणाऱ्या बारीक फुल्या काढ, म्हणजे रंग जुळवताना त्यांना खूण मिळते. काळ्याच्या पानावर जिभेची जागा कोरी हवी, पण जीभ कोऱ्या जागेपेक्षा किंचित मोठी काढ. छपाई थोडी सरकली तरी मध्ये पांढरं डोकावत नाही, लाल काळ्याखाली लपतं. लाल आधी छापायला सांग, काळा वरून.

फार बारीक रेघा स्क्रीनच्या जाळीत अडकतात, तेव्हा ०.१ तिथेही नकोच. आणि त्याच्याकडे जायचं तर आत्ता जा. तुळशीचं लग्न लागलं की पत्रिकांच्या घाईत तो तुझ्या संकासुराकडे बघणारसुद्धा नाही.